वि. स. खांडेकर यांच्या कादंबरीलेखनाची जडणघडण : शिरोड्यातील कालखंड (१९२०–१९३८)

प्रस्तावना

मराठी भाषेला पहिला ज्ञानपीठ पुरस्कार मिळाला तो १९७४ सालचा. त्याचे मानकरी होते विष्णू सखाराम खांडेकर. त्याआधी ‘ययाति’ (१९५९) या कादंबरीला १९६० चा साहित्य अकादमी पुरस्कार लाभला होता आणि १९६८ मध्ये भारत सरकारने त्यांना पद्मभूषण देऊन गौरविले होते. या मानसन्मानांचा एक परिणाम असा झाला की, खांडेकरांचा विचार बहुधा शेवटाकडून सुरुवातीकडे केला जातो. ‘ययाति’ हे शिखर गृहीत धरून त्यांचे पूर्वीचे सगळे लेखन म्हणजे त्या शिखराकडे जाणारी पायवाट, अशी मांडणी पाठ्यपुस्तकांत आणि परीक्षेच्या उत्तरांत रूढ झाली आहे. त्यांच्या परिचयात ‘काही काळ शिरोडे येथे शिक्षक होते’ एवढे एक वाक्य येते आणि पुढचे वाक्य थेट कोल्हापूरला जाते.

हा ‘काही काळ’ अठरा वर्षांचा आहे. वयाच्या बाविसाव्या वर्षापासून चाळिसाव्या वर्षापर्यंतचा म्हणजे कोणत्याही लेखकाच्या घडणीचा सर्वांत महत्त्वाचा काळ खांडेकरांनी तत्कालीन रत्नागिरी जिल्ह्याच्या दक्षिण टोकाला, समुद्रकाठच्या एका खेड्यात घालविला. शिरोडे आज सिंधुदुर्ग जिल्ह्यात आहे. हा जिल्हा १ मे १९८१ रोजी रत्नागिरीतून वेगळा झाला. त्यामुळे खांडेकरांचा हा कालखंड दोन्ही जिल्ह्यांच्या वाङ्मयीन इतिहासात मोडतो आणि दोन्हीकडे तो काहीसा बेवारस राहिला आहे. रत्नागिरीच्या साहित्यपरंपरेचा उल्लेख करताना केशवसुत आणि श्री. ना. पेंडसे यांची नावे आपसूक येतात. खांडेकर मात्र सांगलीचे किंवा कोल्हापूरचे मानले जातात. प्रस्तुत लेखात या अठरा वर्षांतील त्यांच्या लेखनाचा क्रम आणि त्या लेखनाचा त्यांच्या शिक्षकी पेशाशी असलेला संबंध उलगडून पाहण्याचा प्रयत्न केला आहे.

सांगली, पुणे, नानेली

खांडेकरांचा जन्म जानेवारी १८९८ मध्ये सांगली येथे झाला. जन्मनाव गणेश आत्माराम खांडेकर. वडील सांगली संस्थानच्या नोकरीत होते. मुलाचे शालेय शिक्षण पुरे होण्यापूर्वीच ते निवर्तले. १९१३ मध्ये मॅट्रिकची परीक्षा वरच्या क्रमांकाने उत्तीर्ण होऊन हा विद्यार्थी पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयात दाखल झाला. पुण्यातील वास्तव्यात त्याला राम गणेश गडकरी यांचा सहवास लाभला. नाटकाचे वेड, कोटीबाज विनोदाची आवड आणि कल्पनेच्या भराऱ्यांचे आकर्षण या गोष्टी सांगलीहूनच सोबत आल्या होत्या, त्यांना गडकऱ्यांच्या सान्निध्यात खतपाणी मिळाले.

१९१६ मध्ये चुलते सखाराम खांडेकर यांनी त्यांना दत्तक घेतले. गणेश आत्माराम हे विष्णू सखाराम झाले आणि पुणे सोडून सावंतवाडी संस्थानातील नानेली या आडगावी आले. घरची परिस्थिती आणि ढासळलेली प्रकृती यांमुळे महाविद्यालयीन शिक्षण अर्धवट राहिले ते कायमचे. पुढे शिवाजी विद्यापीठाने सन्मान्य डी.लिट. दिली, तरी त्यांनी स्वतः कधी पदवी घेतली नाही.

दत्तकविधानाने माणसाचे नाव, कूळ, घर आणि गाव एकाच वेळी बदलते. हा अनुभव खांडेकरांच्या वाट्याला अठराव्या वर्षी आला. त्यांच्या पुढील कथा-कादंबऱ्यांत ध्येय आणि परिस्थिती यांच्या ओढाताणीत सापडलेले तरुण वारंवार भेटतात. त्याचे मूळ केवळ या एका घटनेत शोधणे धाडसाचे होईल. पण हुशार विद्यार्थी म्हणून नावाजलेल्या तरुणाला वाचनालय, नाट्यगृह आणि साहित्यिक मित्र या तिन्हींपासून एकाएकी दूर व्हावे लागले, ही वस्तुस्थिती लक्षात घ्यावीच लागते. दक्षिण कोकणात तेव्हा रेल्वे नव्हती. मुंबईशी संबंध वेंगुर्ले बंदरात येणाऱ्या आगबोटींचा आणि घाटावरचा संबंध आंबोलीच्या रस्त्याचा. (कोकण रेल्वेची संपूर्ण मार्गावरील वाहतूक सुरू व्हायला १९९८ साल उजाडले.) अशा ठिकाणी बसून पुण्या-मुंबईच्या मासिकांत लिहायचे, तर एकच साधन होते : टपाल.

पदवी नसलेला शिक्षक

एप्रिल १९२० मध्ये खांडेकर शिरोड्याच्या ट्यूटोरियल इंग्लिश स्कूलमध्ये शिक्षक म्हणून रुजू झाले. नानेली संस्थानी मुलखात, तर शिरोडे ब्रिटिश अमलाखालील वेंगुर्ले भागात. शेजारी वेतोबाचे आरवली, पुढे रेडी, एका अंगाला समुद्र आणि गावालगत मिठागरे, असा हा परिसर. शाळा खाजगी आणि बेताच्या साधनांची होती. त्या काळी खेड्यातील इंग्रजी शाळेचे स्थान आजच्या माध्यमिक विद्यालयासारखे नव्हते. मॅट्रिक झालेला मुलगा मुंबईत कारकुनाची नोकरी मिळवू शकत असे आणि कोकणातील असंख्य कुटुंबे मुंबईहून येणाऱ्या मनिऑर्डरवर जगत होती. इंग्रजी शाळा म्हणजे या कुटुंबांच्या दृष्टीने मुंबईला जाण्याचा परवाना होता. तिच्या पुढची पायरी जिल्ह्यात नव्हतीच. रत्नागिरीत महाविद्यालय सुरू झाले ते १९४५ मध्ये.

अशा शाळेतील शिक्षकाला एकाच विषयापुरते राहता येत नाही. मराठी, इंग्रजी, संस्कृत असे जे पडेल ते शिकवायचे, वर्ग कमी पडले तर दोन वर्ग एकत्र बसवायचे, फीमाफीचे अर्ज पाहायचे आणि शाळेसाठी लोकांच्या दारी जायचे, अशी ही नोकरी असते. खांडेकर पुढे या शाळेचे मुख्याध्यापक झाले. शाळा चालविणे म्हणजे गावातील प्रत्येक घराची आर्थिक स्थिती जवळून माहीत असणे. कोणत्या मुलाची फी का थकली, कोणता हुशार मुलगा मधूनच शाळा सोडून गेला, कोणत्या मुलीचे नाव लग्न ठरल्यामुळे पटावरून कमी झाले, हे मुख्याध्यापकाला जितके कळते तितके गावच्या सावकारालाही कळत नसावे. खांडेकरांच्या साहित्यातील दारिद्र्याचे चित्रण अलंकारिक असल्याची टीका वारंवार झाली आणि ती निराधार नाही. परंतु त्या अलंकारांच्या खाली जी माहिती आहे ती ऐकीव नव्हे, हे ध्यानात ठेवले पाहिजे.

त्यांच्या लेखनाचे वेळापत्रकही शाळेने ठरविले. शिक्षकाला सलग वेळ मिळतो तो सुट्ट्यांत. एरवी संध्याकाळचे तास-दोन तास. कविता, विनोदी लेख, परीक्षण, लघुकथा, लघुनिबंध हे सर्व छोट्या बैठकीत पुरे होणारे प्रकार. पहिल्या दशकात खांडेकरांनी हेच प्रकार हाताळले आणि कादंबरीला हात घातला तो बत्तिसाव्या वर्षी. वाङ्मयप्रकाराची निवड ही नेहमी प्रतिभेच्या ओढीने होते असे आपण मानतो. नोकरीच्या तासांचाही त्यात वाटा असतो, हे महाविद्यालयीन अध्यापकांना वेगळे सांगण्याचे कारण नाही.

‘कुमार’ आणि ‘आदर्श’

खांडेकरांचे लेखन शिरोड्यापूर्वीच, १९१९ च्या सुमारास छापून येऊ लागले होते. कवितेसाठी ‘कुमार’ आणि विनोदी लेखांसाठी ‘आदर्श’ अशी दोन टोपणनावे त्यांनी घेतली. कवी म्हणून ‘कुमार’ फार पुढे गेला नाही. ‘आदर्श’चा विनोद श्रीपाद कृष्ण कोल्हटकर आणि गडकरी यांच्या वळणाचा होता. गडकरी जानेवारी १९१९ मध्ये निधन पावले; कोल्हटकरांना तर खांडेकरांनी गुरुस्थानी मानले होते. ‘सुदाम्याचे पोहे’ वाचून वाढलेल्या पिढीला विनोद म्हणजे शब्दाशी आणि कल्पनेशी केलेला खेळ वाटत होता. एका वस्तूला दुसरी उपमा द्यायची, त्या उपमेतून तिसरी काढायची आणि वाक्याच्या शेवटी वाचकाला चकित करून सोडायचे, ही ती पद्धत.

हा मुद्दा तपशिलाने मांडण्याचे कारण असे की, खांडेकरांच्या कादंबरीतील शैलीचे कोडे येथे उलगडते. त्यांच्या कादंबऱ्यांत पानोपानी आढळणारी उपमा-दृष्टान्तांची गर्दी आणि सुभाषितवजा वाक्ये ही बहुधा त्यांच्या भाववश स्वभावाची खूण म्हणून दाखविली जातात. प्रत्यक्षात त्या लकबीचे उगमस्थान विनोदी लेखनात आहे. कोल्हटकर-संप्रदायाने हसविण्यासाठी घडविलेले हत्यार खांडेकरांनी हळूहळू करुण आणि चिंतनपर आशयासाठी वापरायला घेतले. वाक्याची चाल तीच राहिली, तिचा हेतू बदलला. म्हणूनच त्यांच्या गंभीर प्रसंगांतही कधी कधी एखादी उपमा कोटीसारखी उसळी घेते आणि प्रसंगाचे गांभीर्य क्षणभर ढळते. हा दोष आहे. पण तो कोठून आला हे समजल्यावर त्याच्याकडे पाहण्याची दृष्टी बदलते.

याच काळात त्यांनी टीकालेखन केले आणि वृत्तपत्रीय लेखनाचाही सराव केला. सावंतवाडीहून मेघश्याम शिरोडकर यांनी चालविलेल्या ‘वैनतेय’ या साप्ताहिकाशी त्यांचा निकटचा संबंध होता. साप्ताहिकाचे लेखन ठरलेल्या दिवशी द्यावे लागते, ठरलेल्या जागेत बसवावे लागते आणि समोरचा वाचक शिक्षक, वकील, दुकानदार, पेन्शनर असा संमिश्र असतो. लघुनिबंधकार खांडेकरांची लकब, म्हणजे साध्या घरगुती प्रसंगापासून निघून जीवनविषयक विचारापर्यंत पोहोचणे, ही अशाच लेखनात मुरलेली दिसते. ‘वायुलहरी’ (१९३६) हा त्यांचा लघुनिबंधसंग्रह पुढे आला तेव्हा या सरावाला बरीच वर्षे झाली होती.

कथेकडे

‘घर कुणाचे?’ ही खांडेकरांची पहिली कथा १९२३ मध्ये ‘महाराष्ट्र साहित्य’ मासिकात प्रसिद्ध झाली. दत्तक जाऊन घर बदललेल्या लेखकाच्या पहिल्या कथेचे शीर्षक असा प्रश्न विचारते, या योगायोगाकडे लक्ष गेल्यावाचून राहत नाही. तिच्यावर फार अर्थ लादू नये हे खरे. या कथेचे कोल्हटकरांनी कौतुक केले आणि १९२५ पासून खांडेकर नियमाने कथा लिहू लागले. स्वतःला विनोदी लेखक, कवी आणि टीकाकार समजणाऱ्या तरुणाला आपण मुळात कथाकार आहोत हे दुसऱ्याने सांगावे लागले, ही बाब उद्बोधक आहे. कोल्हटकर वऱ्हाडात वकिली करीत होते आणि खांडेकर शिरोड्यात शिकवीत होते. दोघेही साहित्याच्या राजधानीपासून शेकडो मैल दूर असताना मासिकाच्या एका अंकाने हा संवाद घडवून आणला. त्या काळातील नियतकालिकांनी मराठी साहित्यासाठी काय केले, याचे हे एक उदाहरण होय.

१९२० ते १९३० या दशकात मराठी लघुकथेला स्वतंत्र रूप येत होते. ‘किर्लोस्कर’ १९२० मध्ये निघाले, ‘रत्नाकर’ १९२६ मध्ये, ‘यशवंत’ १९२८ मध्ये. या मासिकांना चार-सहा पानांत बसणाऱ्या, एकाच परिणामाकडे जाणाऱ्या कथा हव्या होत्या. जुन्या ‘करमणूक’ काळातील पाल्हाळिक गोष्टीची जागा अशी कथा घेऊ लागली. खांडेकरांचा पहिला कथासंग्रह ‘नवचंद्रिका’ १९२९ मध्ये प्रसिद्ध झाला. त्याआधी १९२८ मध्ये ‘रंकाचे राज्य’ हे नाटक आले होते. नाटककार होण्याची हौस लहानपणापासूनची. पण हे त्यांचे एकमेव नाटक ठरले. शिरोड्यात राहून नाटक मंडळ्यांशी संबंध ठेवणे, तालमींना हजर राहणे, नटांच्या सूचनांनुसार बदल करणे शक्य नव्हते. कथा टपालाने पाठविता येते, नाटक तसे पाठवून भागत नाही. शिवाय मराठी रंगभूमीचाच पडता काळ जवळ आला होता.

१९२९ मध्ये त्यांचा विवाह झाला. संसार, शाळा आणि वाढते लेखन अशा तिहेरी जबाबदारीत त्यांनी पुढच्याच वर्षी कादंबरी पूर्ण केली.

‘हृदयाची हाक’ आणि १९३० हे वर्ष

‘हृदयाची हाक’ १९३० मध्ये प्रसिद्ध झाली. मराठी कादंबरीच्या इतिहासात हे वर्ष गजबजलेले आहे. वामन मल्हार जोशी यांची ‘सुशीलेचा देव’ आणि श्रीधर व्यंकटेश केतकर यांची ‘ब्राह्मणकन्या’ या दोन्ही विचारप्रधान कादंबऱ्या त्याच वर्षीच्या. ना. सी. फडके यांचे नाव तोवर घरोघर पोहोचले होते. त्यांची ‘जादूगार’ १९२८ ची आणि ‘दौलत’ १९२९ ची. एका बाजूला जोशी-केतकरांची वैचारिक कादंबरी आणि दुसऱ्या बाजूला फडक्यांची रेखीव, रंजक कादंबरी अशी ही परिस्थिती असताना शिरोड्याच्या शिक्षकाने पहिली कादंबरी लिहिली. तिच्यात दोन्हींचे आकर्षण जाणवते आणि दोन्हींपैकी एकही पुरते साधलेले नाही, असे म्हणावे लागते. कथानकात योगायोगांचा भरणा आहे, पात्रे लेखकाच्या भाषेत बोलतात. पहिली कादंबरी म्हणून तिचे ऐतिहासिक महत्त्व अधिक, वाङ्मयीन कमी.

जगातील मोठ्या कादंबरीकारांचा प्रारंभ यापेक्षा फार वेगळा नसतो. अमेरिकन कादंबरीकार विल्यम फॉकनर हे खांडेकरांहून काही महिन्यांनीच मोठे. जन्म १८९७ चा. त्यांचेही पहिले पुस्तक कवितांचे (१९२४), त्यांनीही महाविद्यालयीन शिक्षण अर्धवट सोडलेले, आणि पहिली कादंबरी येण्यापूर्वी ते मिसिसिपी विद्यापीठाच्या डाकघरात पोस्टमास्तर होते. १९२६ ची त्यांची पहिली कादंबरी आज अभ्यासकांखेरीज कोणी फारशी वाचत नाही. १९४९ चे नोबेल पारितोषिक मिळविणाऱ्या या लेखकाशी खांडेकरांची वाङ्मयीन तुलना अभिप्रेत नाही. परंतु फॉकनर यांनी लवकरच आपल्या जन्मभूमीच्या परिसराला कादंबरीचा केंद्रबिंदू केले, आणि खांडेकरांनी तसे केले नाही. हा फरक पुढे पाहावयाचा आहे.

१९३० हे वर्ष शिरोड्याच्या दृष्टीनेही ऐतिहासिक होते. त्या वर्षीच्या मे महिन्यात शिरोड्याच्या मिठागरांवर मिठाचा सत्याग्रह झाला आणि महाराष्ट्राच्या निरनिराळ्या भागांतून सत्याग्रही तेथे जमले. आजवर नकाशात शोधावे लागणारे गाव वृत्तपत्रांच्या मथळ्यांत आले. ध्येयवाद, त्याग, तुरुंग, लाठीमार हे शब्द पुण्या-मुंबईच्या लेखकांसाठी बातमीचे होते. शिरोड्याच्या शाळेतील शिक्षकासाठी ते गावच्या वेशीवर घडणारे वास्तव होते. पुढील कादंबऱ्यांत ध्येयनिष्ठ तरुणाची जी प्रतिमा ठळक होत गेली, तिचा विचार करताना हा संदर्भ सोडता येत नाही.

‘कांचनमृग’ १९३१ मध्ये आली, आणि १९३४ मध्ये ‘दोन ध्रुव’ व ‘उल्का’ अशा दोन कादंबऱ्या एका वर्षात प्रसिद्ध झाल्या. शीर्षकांवरूनच लेखकाची दिशा कळते. सोन्याचा मृग, दोन ध्रुव, उल्का, नंतरचा ‘हिरवा चाफा’ : प्रत्येक ठिकाणी आधी प्रतीक आणि मग कथानक. पुढे खांडेकरांनी रूपककथा हा प्रकार मराठीत रुजविला. त्याची बीजे या शीर्षकांत स्पष्ट दिसतात. शिक्षक अवघड कल्पना समजावताना आधी दृष्टान्त शोधतो, त्याच रीतीने त्यांनी कादंबऱ्या रचल्या.

‘उल्का’ : शिक्षकाच्या घरातील कादंबरी

शिरोड्याच्या कालखंडातील सर्वांत महत्त्वाची कादंबरी कोणती, याचे उत्तर ‘उल्का’ असेच द्यावे लागेल. ध्येयवादी शिक्षकाच्या मुलीने स्वतः सांगितलेली ही कहाणी आहे. स्त्रीच्या तोंडून प्रथमपुरुषी निवेदन मराठीला नवे नव्हते. हरिभाऊ आपटे यांनी ‘पण लक्षात कोण घेतो?’मध्ये चाळीस वर्षांपूर्वी त्याचा प्रभावी उपयोग केला होता. हरिभाऊंची यमू रूढींच्या जात्यात भरडली जाते. उल्केचे दुःख निराळे आहे. तिच्या घरी विचारांचे स्वातंत्र्य आहे, पुस्तके आहेत, वडिलांचे प्रेम आहे; नाही तो पैसा. वडिलांच्या ध्येयवादाची किंमत मुलीला मोजावी लागते.

खेड्यात अल्प वेतनावर शिक्षकाचे काम करणाऱ्या लेखकाने ही कादंबरी लिहिली, हे लक्षात घेतले म्हणजे तिचे धाडस कळते. ध्येयवादाचे गोडवे गाणारा लेखक अशी खांडेकरांची सर्वसाधारण प्रतिमा आहे. ‘उल्का’मध्ये त्यांनी तोच ध्येयवाद घरातल्या माणसाच्या नजरेने पाहिला आहे. समाज ज्या शिक्षकाला त्यागमूर्ती म्हणून हार घालतो, त्याच्या मुलीच्या लग्नाचे काय होते? ज्याने पैशाकडे पाठ फिरविली, त्याच्या आजारपणात औषध कोण आणते? हे प्रश्न विनाअनुदानित तत्त्वावर वर्षानुवर्षे काम करणाऱ्या शिक्षकांच्या घरांत आजही विचारले जातात. कादंबरीच्या उत्तरार्धात हा प्रश्न भावनेच्या भरात विरघळतो आणि लेखक पुन्हा त्यागाच्या गौरवाकडे वळतो. परंतु पूर्वार्धात तो ज्या सडेतोडपणे उभा राहतो, तो खांडेकरांच्या नंतरच्या अनेक लोकप्रिय कादंबऱ्यांत आढळत नाही.

‘कलेसाठी कला की जीवनासाठी कला’ या वादात फडके आणि खांडेकर यांना परस्परविरोधी टोकांवर उभे करण्याची प्रथा आहे. फडक्यांचे ‘प्रतिभासाधन’ १९३१ चे. या वादाची चर्चा सामान्यतः सौंदर्यशास्त्राच्या परिभाषेत होते. तिच्यामागे दोन नोकऱ्यांतील अंतरही होते. फडके कोल्हापूरच्या राजाराम महाविद्यालयात प्राध्यापक होते. खांडेकर अशा गावी होते, जेथे पुस्तक विकत घेणारे घर विरळा. खेड्यातील शाळामास्तराला ‘जीवन’ हा शब्द वापरण्यावाचून गत्यंतर नव्हते. अर्थात, प्रत्येक मतभेदाचे मूळ पगारपत्रकात शोधणे हाही एक प्रकारचा सोपेपणाच ठरेल. खांडेकरांवर आगरकरांच्या विचारांचा खोल संस्कार होता आणि पुढे त्यांनी आगरकरांवर स्वतंत्र पुस्तकही लिहिले.

कादंबरीत शिरोडे कोठे आहे?

आता एका अडचणीच्या प्रश्नाकडे वळणे आवश्यक आहे. अठरा वर्षे कोकणात राहिलेल्या या लेखकाच्या कादंबरीत कोकण किती आहे? समुद्र आहे, चांदणे आहे, पायवाटा, टेकड्या, देवळे आहेत. परंतु शिरोडे-आरवली परिसरातील माणसांची मालवणी बोली त्यांच्या पात्रांच्या तोंडी फारशी येत नाही. कुळे, भंडारी, गाबीत, देवळी यांचे परस्परसंबंध, गावऱ्हाटी, देवाचा कौल, खोताचा वचक हे सारे कथानकाच्या कडेला राहते. त्यांच्या कादंबरीतले गाव कोठलेही असू शकते.

ही उणीव नंतरच्या लेखकांमुळे अधिक डोळ्यांत भरते. पेंडसे यांनी ‘गारंबीचा बापू’ (१९५२) मध्ये दापोली तालुक्यातील सुपारीच्या बागांचा मुलूख जिवंत केला. आरवलीच्याच जयवंत दळवींनी ‘सारे प्रवासी घडीचे’ (१९६४) मध्ये, म्हणजे खांडेकरांच्या शाळेपासून हाकेच्या अंतरावरच्या माणसांत, एक संपूर्ण जग शोधले. वेंगुर्ले भागातच जन्मलेल्या चिं. त्र्यं. खानोलकरांनी ‘कोंडुरा’ (१९६६) मध्ये याच भूमीतील भय आणि श्रद्धा यांचा ठाव घेतला. तीच भूमी, तोच समुद्र. पण खांडेकरांना ती माणसे दिसली नाहीत काय?

दिसली असावीत, पण निराळ्या अंगाने. याची तीन-चार कारणे संभवतात. खांडेकर घाटावरून आलेले; मालवणी ही त्यांची बोली नव्हती. शाळेत त्यांचे काम मुलांना प्रमाण मराठी आणि इंग्रजी शिकविण्याचे होते. ज्या भाषेपासून मुलांना वर काढायचे असे तत्कालीन शिक्षणाने ठरविले होते, तीच भाषा साहित्यात प्रतिष्ठेने आणावी, असे तेव्हाच्या शिक्षकाला सहसा सुचत नसे. त्यांचा वाचक मासिकांचा वर्गणीदार होता आणि तो पुणे, मुंबई, नागपूर, बडोदे येथे पसरलेला. ‘प्रादेशिक कादंबरी’ ही संकल्पनाही तेव्हा मराठीत स्थिर झालेली नव्हती. आणि बहुधा सर्वांत महत्त्वाचे म्हणजे त्यांनी खेड्याकडे विषमतेचे उदाहरण म्हणून पाहिले. उदाहरणाला गावाचे नाव लागत नाही. ते जितके सर्वसामान्य असेल तितके अधिक पटते. दळवींना आरवलीतला एकेक विक्षिप्त माणूस त्याच्या विक्षिप्तपणासाठी हवा होता; खांडेकरांना त्या माणसाच्या दारिद्र्याचे कारण हवे होते.

याच वृत्तीचा दुसरा परिणाम त्यांच्या लाभाचा ठरला. त्यांच्या कादंबऱ्या भाषांतरात सहज तग धरू शकल्या. गुजरातीत गोपाळराव विद्वांस यांनी आणि तमिळमध्ये का. श्री. श्री. यांनी केलेल्या अनुवादांमुळे खांडेकर त्या भाषांतील वाचकांना आपलेच लेखक वाटू लागले. बोलीत रुतलेल्या कादंबरीला हे भाग्य क्वचित लाभते. शिरोड्याचा ठसा नसलेली कादंबरी मदुराईत वाचली गेली. हे श्रेय म्हणावे की उणेपणा, याचा निवाडा वाचकाने कादंबरीकडून काय अपेक्षिले यावर अवलंबून राहील. कोकणच्या वाङ्मयीन इतिहासाच्या दृष्टीने मात्र ही हुकलेली संधी होती, असे नोंदविणे भाग आहे.

चित्रपट आणि शिरोड्याचा निरोप

१९३६ मध्ये मास्टर विनायक यांनी दिग्दर्शित केलेला हंस पिक्चर्सचा ‘छाया’ हा चित्रपट प्रदर्शित झाला. त्याची कथा खांडेकरांची होती आणि तिला गोहर सुवर्णपदक मिळाले. खांडेकरांना मिळालेल्या मोठ्या सन्मानांच्या यादीत हा प्रारंभीचा सन्मान बहुधा विसरला जातो. तो कादंबरीसाठी नव्हे, चित्रपटकथेसाठी होता. चित्रपटाने त्यांना शाळेच्या वेतनात कधी मिळाला नसता असा पैसा आणि मासिकांना कधी लाभला नसता असा प्रेक्षक दिला. त्यानंतर ‘ज्वाला’ (१९३८), ‘देवता’ (१९३९), ‘अमृत’ (१९४१) असे चित्रपट आले. हंस पिक्चर्सचे ठाणे कोल्हापुरात असल्याने शिरोड्यात राहून हे काम करणे अशक्य होते. कथा टपालाने पाठविता येत असे. पटकथेला मात्र, नाटकाप्रमाणेच, लेखक हाताशी लागतो.

१९३८ मध्ये खांडेकरांनी शिरोडे सोडले आणि कोल्हापुरात बिऱ्हाड केले. त्या वर्षी ‘हिरवा चाफा’ आणि ‘दोन मने’ या कादंबऱ्या प्रसिद्ध झाल्या. १९३० पासूनच्या कादंबऱ्यांची संख्या सहा झाली. तीन वर्षांनी, १९४१ मध्ये, सोलापूर येथील मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्षपद त्यांच्याकडे आले. तोवर त्यांच्या नावावर असलेले बहुतेक सर्व लेखन शाळेच्या घंटेच्या आधी आणि नंतरच्या वेळेत झालेले होते. ‘एका पानाची कहाणी’ हे त्यांचे आत्मकथन १९७६ मधील निधनानंतर ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाले. खांडेकर स्मृती संग्रहालय आज कोल्हापूरला, शिवाजी विद्यापीठाच्या आवारात आहे. पदव्युत्तर वर्गाची सहल नेताना रत्नागिरीहून तेथे जाणे सोयीचे पडते. शिरोड्याला जायचे तर वेंगुर्ल्याच्या पुढे आणखी काही मैल जावे लागते.